राखणीची पेंढी

"एक पेंढी तर हाय! द्या ढकलून न् शिरा आत," केझाया म्हणाली.

"हात तर लाव, बघते तुला," हेप्झी म्हातारी घंटा सावरत ओरडली. "आज रीत मोडलीस, तर फुडल्या साली कोन शिरू दील गं आपल्याला?"

आम्ही बाया थर्कल मालकाच्या वावराच्या फाटकाशी उभ्या होतो. इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या सफोक परगण्यात हीच रीत. गहू वाहून नेला तरी मालक मधोमध एक पेंढी उभी ठेवतो. ती आहे तोवर भुईवर सांडलेल्या ओंब्यांचा सरवा वेचायचा नाही. मालकानं आपल्या हातानं ती उचलली, की हेप्झी घंटा वाजवणार आणि बाया आत शिरणार. केझायाचा नवरा गंजीवरून पडून मेला होता. तिच्या लेकरांचा हिवाळ्याचा पाव त्या वावरात सांडला होता.

आणि नेमकं पेंढी ठेवल्या दिवशीच मालकाच्या अंगावरून वारं गेलं. वाचा बसली, हात लुळा पडला.

केझाया त्याच्या घरी गेली, सोबत मीही. मालकीण दारातच आडवी आली. "त्येंनी ठिवली, त्येच उचलतील. मी कोन बाई?"

"अवो, पर त्येंचा हातच चालत न्हाई!"

"मग चालायची वाट बघा."

आतून मालक आमच्याकडंच बघत होता. माणूस वाईट नव्हता. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण नुसती लाळ गळली. मालकिणीनं ती पुसली आणि दार लोटलं.

मग पाऊस लागला तो उघडेना. भुईवरच्या ओंब्यांना मोड आले. कावळे मात्र पेंढीला भीत नव्हते. एवढ्या आम्ही बाया, आणि एका पेंढीपुढं गप. आमचाच राग यायचा मला, पण पाय काही उचलला नाही.

मालक गेला. त्याला मूठमाती दिल्यावर त्याचा लेक मालक झाला आणि त्यानं पेंढी उचलून नेली. हेप्झीनं घंटा वाजवली. आम्ही आत शिरलो, तर सगळं वावर हिरवंगार. केझायानं कुजकी ओंबी हातात चोळली आणि टाकून दिली.

रविवारी चर्चमध्ये सुगीची प्रार्थना होती. वेदीशी तीच पेंढी, वाळवून, फीत बांधून उभी केलेली. पाद्रीबाबा म्हणाले, "थर्कलनं गोरगरिबांचा वाटा मरेपर्यंत राखला."

सगळे आमेन म्हणाले. केझायाही म्हणाली. मांडीवरची धाकटी भुकेनं रडत होती, तिच्या तोंडावर केझायानं हात दाबला होता.