नव्वद कोटींची पंगत

मित्रांनो, या घरची नात, अपेक्षा, माझ्या पाठीवर बसते. बसण्याला माझी ना नाही. पण पाय हलवत, टाचा माझ्या अंगावर आपटत, मोबाइलात तोंड घालून ती चक्क माणसं लिहिते! परवा एका बोटानं तिनं नव्वद कोटी माणसं लिहून टाकली. ती कुठं राहतील, काय खातील, त्यांना वाढणार कोण, काही विचार नाही. स्वतः मात्र जेवायला तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही. असल्या पोरीला काय म्हणावं?

आता माझी ओळख. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. घरच्या फोडणीची नव्हे, गावजेवणाची. माझ्यात चार पोरं लपली तर त्यांच्या आयांना सापडायची नाहीत. उंद्रीजवळच्या एका लहान गावात, वामनरावांच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली मी पालथी पडून असते. शिक्षण म्हणाल तर शाळेत मी दोनदाच गेले, तेही खिचडी शिजवायला. पण पटावरची पोरं वेगळी आणि ताटावर बसलेली पोरं वेगळी, एवढं त्या दोन दिवसांत शिकून आले. काही जण चार बुकं शिकूनही तेवढं शिकत नाहीत.

माझा जन्म चिखलीतल्या एका लोहाराच्या भट्टीवर झाला. त्या दिवसांचं मला जे आठवतं ते सगळं लाल आहे, आणि त्याला ठोक्यांचा ताल आहे. पत्र्याचे चार तुकडे जोडून त्यानं मला गोल केलं, चार बाजूंना चार कडी बसवली. बैलगाडीतून येताना मी आकाशाकडे तोंड करून पडले होते. वाटेत माझ्यात ढग उतरत होते आणि निघून जात होते. मला वाटलं, माझं काम हेच असावं.

पण माझं काम वांग्याची भाजी. लग्न असो, भंडारा असो, शेतातल्या रोडग्यांचं जेवण असो, चौघं जण बांबूवर मला उचलून न्यायचे. वच्छलाबाई, म्हणजे वामनरावांची बायको, मसाला टाकायची तेव्हा शेजारच्या गल्लीतली माणसं विनाकारण माझ्यावरून चकरा मारायची. "कढई पाह्यली का वामनरावची?" असं पाहुणे म्हणायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण उकळी मात्र जरा जोरात फुटायची.

वामनरावांचा मान वेगळा होता. किती माणसांचा स्वयंपाक लागेल हा अंदाज सगळं गाव त्यांना विचारायचं. आमच्याकडे चूलबंद आवतन असतं. म्हणजे आज तुमच्या घरची चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं. तरुणपणी एकदा वामनरावांनी नुसती दारं मोजली. त्यांना काय ठाऊक, मोतीरामच्या एका दारामागे तिघा भावांच्या तीन चुली झाल्या आहेत! आणि असली दारं गावात चाळीस निघाली. शेवटची पंगत बसली तेव्हा मी कोरडी होते. मित्रांनो, रिकाम्या पत्रावळीपुढं बसलेलं माणूस वर बघत नाही. ते खाली बघून पत्रावळीचा काठ नीट करत राहतं. त्या दिवशी माझ्या तळाशी काही असतं तर मी ते स्वतः खरवडून दिलं असतं.

तेव्हापासून वामनराव उजाडताना घराच्या माळवदावर उभे राहायचे आणि गावातून निघणारे धूर मोजायचे. धूर तितक्या चुली, चुलीमागं पाच माणसं. पुन्हा कधी कोणी उपाशी उठलं नाही.

मग केटरिंगवाले आले. त्यांची चकचकीत भांडी आली. मी पालथी झाले. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या, माझ्या कडांना गंज चढला, आणि शेवटी माझ्यावर ही पोर येऊन बसली.

अपेक्षा एक खेळ खेळते. मोबाइलात देशोदेशीची, म्हणजे जळगाव-सांगलीपर्यंतची पोरं जमतात. प्रत्येकानं एक देश मनानं रचायचा. त्याचा नकाशा काढायचा, तिथले सण, नद्या, कायदे लिहायचे, आणि मग सगळ्या देशांची सभा भरते. अपेक्षाच्या बेटाचं नाव निळवण. दोन वर्षं ती ते रचते आहे. तिथं कोणत्या महिन्यात कोणतं फूल येतं हेही तिनं लिहिलं आहे. खोटं कशाला बोलू, ती ते वाचून दाखवायची तेव्हा माझ्या लोखंडात समुद्राचा आवाज यायचा.

पण लहान देशाचं सभेत कोण ऐकतं, असं तिच्या डोक्यात बसलं. म्हणून ठोकले नव्वद कोटी! खेळाच्या पंचानं कळवलं, "तुझं बेट एका जिल्ह्याएवढं. एवढी माणसं तिथं राहतील कशी? रविवारी पाच वाजेपर्यंत पटेल असा आकडा आणि त्याचं कारण पाठव. नाहीतर निळवण नकाशावरून काढावं लागेल."

रविवार आला. दुपारी जेवून ती माझ्यावर आडवी झाली. रडून डोळे सुजलेले. रडता रडता झोपली. कोमट लोखंडावर गाल टेकून माणूस झोपलं की मध्ये काही आडपडदा राहत नाही. तिचं स्वप्न माझ्यात झिरपलं.

निळवणात तिनं चूलबंद आवतन दिलं होतं. माणसं येऊ लागली. पहिली पंगत नदीपर्यंत गेली. दुसरी नदीपल्याड. मग माणसं पेरलेल्या गव्हावर बसली, मग डोंगरावर, मग किनाऱ्यावर, मग गुडघाभर समुद्रात मांडी घालून. कुणी भांडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. मी आभाळाएवढी झाले होते आणि माझ्यात फक्त ढग होते. अपेक्षा पळी घेऊन ओळीतून फिरत होती. एका म्हातारीपुढं ती थांबली.

"आजी, तुमचं नाव काय?"

म्हातारीला चेहराच नव्हता. चेहऱ्याच्या जागी एक गोल रिकामं ताट.

"थांबा, मी गहू आनते," अपेक्षा म्हणाली.

"गहू ज्या वावरात व्हाचा, त्यातच तं आमी बसून राह्यलो, माय."

पोर दचकून उठली आणि तशीच ओसरीवर धावली.

"आबा, सगळ्या गावाले आवतन द्याचं तं अंदाज कसा काढाचा?"

वामनरावांनी चष्मा वर केला. कित्येक वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "काऊन वं? लगन जमवलं का सोताचं?"

"पयले दहावी जमू द्या तिची," वच्छलाबाई आतून म्हणाली.

अपेक्षानं सगळं सांगितलं. नव्वद कोटी ऐकून वामनराव हसले नाहीत. नुसते डोळे मिटून बसले. "माय वं! मले तं एवढ्या पत्रावळ्याच दिसून राह्यल्या."

"हासू नका न आबा."

"हासतो कुठं? बेट केवढं तुहं?"

"आपल्या जिल्ह्याएवढं."

"डोंगर?"

"अर्ध्यात डोंगर आन जंगल."

"मंग अर्धं सोड. पानी?"

"तीन नद्या. एक उन्हाळ्यात आटते."

"तिच्या काठी गावं कमी धर. बाकी कोसा-कोसावर एक गाव. किती झाले?"

तिनं नकाशावर बोट फिरवत मोजलं. "सहाशे."

"आपल्या गावात चुली साडेतीनशे. चुलीमागं पाच मानसं. गावाचे साडेसतराशे. कर हिशोब. मोठे शहर हायेत का?"

"बंदरं हायेत, तीन."

"चिखलीसारखे धर. साठ-साठ हजार."

"आन आजारी मानसं धरा," आतून आवाज आला. "डबा त्यायलेबी लागते."

"ते चुलीत आले, वच्छले."

"येतात, पन मोजतानी तुमी इसरता."

बेरीज झाली बारा लाख तीस हजार. अपेक्षा माझ्यावर येऊन बसली. पाचला वीस मिनिटं होती. तेवढ्यात बीबी गावाहून तिच्या मामेबहिणीचा, काजलचा फोन आला. तिचाही या खेळात देश आहे, चांगला खंडाएवढा.

"बारा लाख?" काजल फिदीफिदी हसली. "माह्या देशात तेवढे तं नुसते शिपाई हायेत वं!"

फोन ठेवला आणि अपेक्षाचं बोट गेलं शून्यावर. बारा लाखांचे एक कोटी तेवीस लाख झाले. आता बोट एकदा टेकवलं की गेलं पंचाकडं! माझा सगळा गंज शहारला. तिचं बोट मात्र तिथंच थांबलं. ती अंगणातल्या मोकळ्या जागेकडं बघत होती, जणू तिथं कुणीतरी खाली मान घालून पत्रावळीचा काठ नीट करत बसलं होतं. मग तिनं शून्य पुसलं. खाली सगळा हिशोब लिहिला, चुली, कोस, आटणारी नदी, आणि पाठवून दिला.

पाचला दोन मिनिटं असताना पंचाचं उत्तर आलं. "निळवण नकाशावर कायम. चुलींचा हिशोब सभेला वाचून दाखवशील का?"

तुम्हाला वाटेल, पोर नाचली असेल. छे! गुडघ्यात डोकं घालून पुटपुटत बसली, "एवढुसा झाला माहा देश."

मित्रांनो, मी आजवर आगीवर बसले, पावसात भिजले, कोंबड्यांची घाण सोसली, पण माणसाशी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी राहवलं नाही. माझ्या पोटातून आवाज निघाला आणि पोरीनं तो ऐकला.

"काऊन रडून राह्यली वं? नव्वद कोटीत नाव असलेली एक म्हातारी नव्हती तुह्यापाशी. मानूस लिवलं म्हंजे त्याले आवतन देल्लं, समजलं का? आता बारा लाख पाव्हने दारात उभे हायेत, आन तू रुसून बसली. देश लहान नाही तुहा, अपेक्षा. मालकीन लहान हाये. होईल मोठी. पयले खाली उतर, कोंबड्या हाकल, आन मले घासून काढ."