बिनगोष्टीचं घर

"थांबा साहेब, चुना लावू नगा. हितं हत्ती मेलाय."

चुन्यात बुडवलेला कुंचला ईरण्णाच्या दारापुढं तसाच राहिला. तामीरातचे साहेब, म्हणजे निजामाच्या रस्ते-इमारतींच्या खात्याचे, मागं वळले. "हत्ती? इत्ते छोटे दरवाजे में से?"

"दार मागनं बसवलं, साहेब. आदी हत्ती, मग दार."

महांतप्पाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. नळदुर्गात किल्ला पाहायला कुणी आलं, की त्याला किल्ल्याखालची ही गल्ली दाखवायचं काम महांतप्पाचं. नेमलं कुणी नव्हतं. धंदा फुटाणे भाजायचा. पण पाहुणा दिसला की भट्टी बायकोवर, इरम्मावर टाकून हा उठायचा आणि दारोदार बादशहा, बेगमा, घोडे उभे करायचा. गल्लीतलं एक दगडी जोतं त्यानं इतिहासाशिवाय ठेवलं नव्हतं.

बेचाळीस सालच्या त्या हिवाळ्यात मात्र गल्लीवरच बेतलं. भुईमुगाच्या गाड्या आणि मोटारी बाजारात जायच्या, म्हणून रस्ता रुंद करायचा हुकूम आला. ज्या दाराला चुन्याची फुली, ते घर पडणार. तेवढी एक फट होती: जुन्या यादगार जागेला धक्का लावायचा नाही. ते कानावर पडलं आणि महांतप्पा साहेबांच्या पुढं चालू लागला.

हत्तीचं घर वाचलं. रस्ता आखायची सुतळी पलीकडच्या बाजूला सरकली, तर तिथं मल्लम्माचं घर. तिच्या आडात एका बेगमेची नथ पडली आणि तेव्हापासून पाणी गोड झालं, असं महांतप्पानं सांगताच मल्लम्मानं तांब्या भरून पुढं केला. त्या आडाचं खारं पाणी म्हशीसुद्धा नाक मुरडून पीत. साहेबांनी घोट घेतला. थोडं थांबले. मग अख्खा तांब्या रिता करून म्हणाले, "वाह. शक्कर है." आणि मिशी पुसताना महांतप्पाकडं असं पाहिलं, की त्याला पहिल्यांदाच आपल्या तोडीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

सुतळी पुन्हा अलीकडं आली. रस्ता नागासारखा वळवळत निघाला. पण गल्लीच्या शेवटच्या वळणावर दोन घरं नाकाला नाक लावून उभी होती. डावीकडं बलभीमाचं, उजवीकडं महांतप्पाचं. साहेबांनी दोन्हीकडं पाहून सांगून टाकलं, की आता सुतळी सरकायला जागा नाही. दोनातलं एक जाणार.

आता महांतप्पाच्या घराचं सांगायला हवं. गल्लीत खरंखुरं जुनं म्हणावं असं एकच होतं, आणि ते त्याच्या घरात होतं. भट्टीच्या मागच्या भिंतीत कुठल्यातरी लढाईतला दगडी तोफगोळा अर्धा रुतून बसला होता, कलिंगडाएवढा. प्रत्येक फेरी तो तिथं आणून संपवायचा. त्या गोळ्यापुढं त्याला एक शब्दही रचावा लागत नसे. त्या दिवशी साहेबांना नुसतं आत नेलं असतं तरी घर वाचलं असतं.

आणि समोर बलभीम. आयुष्यभर ओट्यावर बसून 'थापाड्या निघाला बघा' म्हणून ओरडणारा. पण त्याच्या घरात खाणारी तोंडं ढीगभर, आणि माजघरात अंग लुळं पडलेली आई, तुळजाबाई.

महांतप्पा डावीकडं वळला. त्यानं सांगितलं, की किल्ल्याला वेढा पडला तेव्हा एक फकीर आणि एक जंगम याच घरात एका ताटात जेवले, दोघं मिळून दोन्ही फौजांकडं गेले, आणि वेढा उठला. इतकी देखणी थाप त्यानं आधी कधी मारली नव्हती, पुढंही जमली नाही.

साहेबांनी बलभीमाला विचारलं, हे खरं का. आत आई कण्हली.

"व्हय साहेब," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या आज्यानं ते ताट पाह्यलं व्हतं."

मग साहेब उजवीकडं वळून थेट महांतप्पाच्या घरात शिरले. गोळा समोरच दिसणार होता. तो धावत मागून आत गेला, तर भट्टीमागच्या भिंतीवर फुटाण्यांची मोठी चाळण अडकवलेली. इरम्मा कढईतली वाळू हलवत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं वरही पाहिलं नाही.

"यहाँ क्या हुआ था, महांतप्पा? कोई हत्ती? कोई बेगम?"

"हितं काय झालं न्हाय, साहेब. हितं फुटाणे भाजतेत."

"इत्ती पुरानी गली, और एक घर बगैर किस्से का?"

"सांगणाऱ्याच्या घरी काय घडंल, साहेब? त्यो सदा भाईरच असतोय."

साहेब त्या चाळणीकडं बराच वेळ पाहत राहिले. भिंतीवरची चाळण कधी इतकी पुढं येत नाही. मग त्यांनी इरम्माकडून ओंजळभर फुटाणे घेतले, बाहेर आले, गड्याच्या हातातून कुंचला स्वतः घेतला आणि दारावर फुली काढली, बारीक, हळू हातानं.

आठ दिवसांत घर पडलं. तोफगोळा फोडून गड्यांनी रस्त्याच्या खडीत घातला. महांतप्पाची भट्टी मल्लम्माच्या परसात गेली. तिथल्या खाऱ्या पाण्यानं फुटाणे जास्त फुलतात, असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला.

फेऱ्या चालूच राहिल्या. पुढं एकदा उमरग्याचे पाहुणे आले होते. त्यांनी हत्ती मान्य केला, नथ मान्य केली, फकीर-जंगमाच्या दारात तर हात जोडले. वळणावर, भर रस्त्यात, महांतप्पा थांबला. म्हणाला, हितल्या भितीत तोफंचा गोळा रुतला व्हता. पाहुण्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "आता मातर लईच झालं, महांतप्पा. कसली भीत?"

ओट्यावरून बलभीम उठला. सावकाश खाली उतरून रस्त्यात येऊन उभा राहिला.

"व्हती," तो म्हणाला. "भीत व्हती."

महांतप्पा पुढं निघाला, आणि निघताना त्यानं पाय जरा उंच उचलला, घराचा उंबरा ओलांडताना उचलावा तसा.