सिमेंट रस्त्याखालची लाईन

सोमवारी सकाळी शिवकन्यानं टाकीच्या नळाखाली काचेची नळी धरली, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी उजेडाकडं करून हलवली. पाण्यात क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. ते झालं नाही. तिनं नळी विसळून परत पाणी घेतलं, परत थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. तिनं नळी नाकाशी नेली आणि लगेच बाजूला केली.

"काका, व्हॉल्व्ह बंद करा," ती म्हणाली.

सर्जेराव वॉलमन म्हणून एकोणतीस वर्षं गावाला पाणी सोडत आले होते. त्यांनी मान वर केली. "ताई, उद्या गावठाणाची पाळी हाय. आठ दिवस झाले लोकायला पाणी न्हाई."

"म्हणूनच म्हणते. बंद करा."

कासारखेडा केजपासून जीपनं तासाभराच्या वाटेवर. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा टेकडीवर फिल्टर झाला. तळ्याचं पाणी तिथं गाळून, क्लोरीन मिसळून पंपानं मोठ्या लाईनीतून गावाच्या दुसऱ्या टोकाला उंच टाकीत जायचं आणि टाकीतून आठवड्याला एकदा घरोघर. फिल्टर आणि टाकी दोन्ही शिवकन्याच्या ताब्यात होती. केजच्या कॉलेजात बीएस्सी करून ती कायम नोकरीत लागली, त्याला सहा वर्षं झाली होती.

टेकडीवरून निघताना पाण्यात क्लोरीन होतं, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. मग ते गेलं कुठं? ती आणि सर्जेराव लाईनीच्या कडेनं चालत निघाले. वाटेत जिथं तोटी होती तिथं पाणी घेतलं. बाजारतळावर पिवळं. शाळेपाशी पिवळं. नव्या सिमेंट रस्त्याच्या पलीकडं, मारुतीच्या पारापाशी, काहीच नाही. उलट तळाला काळसर गाळ.

सर्जेराव रस्त्याकडं बघत उभे राहिले. रस्ता आठ दिवसांपूर्वी झाला होता. त्यावर अजून पोती अंथरलेली होती आणि गुरुवारी उद्घाटन होतं, मंडपाचे बांबूही येऊन पडले होते.

"काका, तुम्हाला काही माहितीय?"

"रस्ता खांदताना जेसीबीचा दात आपल्या लाईनीला लागलता," ते खाली बघत म्हणाले. "गटारीचा पाईप बी तिथंच फुटला. ठेकेदाराच्या माणसांनी आपल्या पाईपाला रबरी ट्यूब गुंडाळली अन् वरून सिमेंट वतलं. मी बोललो व्हतो. मला म्हणले, म्हाताऱ्या, तू पाणी सोडायचं बघ."

"मला कावून सांगितलं नाही?"

ठेकेदार म्हणजे सोमेश्वर भाऊंचा मेहुणा. सोमेश्वर भाऊ नगराध्यक्षांचे पती. खुर्चीवर बायको, कारभार त्यांचा, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. सर्जेरावांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

शिवकन्याला आता सगळं उलगडलं. गुंडाळलेली ट्यूब या दोन-चार दिवसांत सुटली असणार. पंप चालू असताना पाणी चिरेतून बाहेर जात होतं. लाईट गेली, पंप थांबला, की लाईन रिकामी होताना गटारीचं पाणी आत ओढून घेत होती. कासारखेड्यात लाईट दिवसातून चारदा जायची. म्हणजे सगळी टाकी नासली होती. तिनं टाकीवर येऊन तिथलं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं; मैल्याचे जंतू असले की बाटलीतलं पाणी दिवसभरात काळं होतं. तिथून ती सरळ मुख्याधिकाऱ्यांकडं गेली.

साहेब नवीन होते, वयानं तिच्याएवढेच. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, "ब्लीचिंग दुप्पट टाका आणि सोडा."

"सर, गटारीचं पाणी आहे. चीर उघडी आहे तोवर ते येतच राहणार. पावडर टाकून ते पिण्याजोगं होत नाही. रस्ता फोडून पाईप बदलावा लागेल, टाकी धुवावी लागेल."

"गुरुवारनंतर बघू."

"तोवर लोकांनी काय प्यायचं?"

"मॅडम, तुम्ही मला अडचणीत आणताय."

"मग गटारीचं पाणी गावाला सोडा, असं मला लेखी द्या, सर."

साहेबांनी फोन उचलला आणि कुणाशी तरी बोलायला लागले. ती थोडा वेळ उभी राहून बाहेर पडली.

मंगळवारी सकाळी बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं. ती बाटली बघताना शिवकन्याला ऊसतोडीचा तळ आठवला. ती नऊ वर्षांची होती. कारखान्यामागं पालं पडली होती, पाणी कॅनॉलचं. धाकट्या बहिणीला, पौर्णिमाला, पहाटे जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मुकादम आईला म्हणाला होता, पाण्यानं कुठं माणूस मरतं का. शिवकन्या ते ऐकत उभी होती.

दहाच्या सुमारास सोमेश्वर भाऊ गाडीतून टाकीपाशी आले. बरोबर चार पोरं. ते आवाज न चढवता बोलले. "मॅडम, गाव तहानलंय. चावी द्या, आमची माणसं सोडतेत पाणी."

व्हॉल्व्हची चावी म्हणजे पुरुषभर उंचीची लोखंडी दांडी. ती तिनं टाकीखालच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं होतं.

"देणार नाही."

"तुझी नोकरी कुणाच्या सहीवर हाय, ठावं हाय का?"

"ठाऊक आहे. तरी देणार नाही."

भाऊ हसले. "बरं. मी कशाला बोलू? गावच बोलंल आता." गाडी वळली.

तासाभरात गाव आलं. हंडे, कळशा, प्लास्टिकच्या घागरी घेऊन शंभरेक बाया टाकीच्या फाटकाशी जमल्या. पाणीवाल्या बाईनं तुमचं पाणी अडवून धरलंय, एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं. पुढं होत्या चंद्रभागाबाई. गावठाणात त्यांच्या तोंडाला कुणी लागत नसे.

"ए बाई, तुला आमचं पाणी अडवायला कुणी ठिवलं इथं? घरी लेकरं हायेत आमच्या!"

मागून कुणीतरी रिकामी कळशी फाटकावर आपटली. शिवकन्यानं फाटक उघडलं आणि ती बाहेर निघाली. सर्जेराव म्हणाले, "ताई, जाऊ नका," पण ती गेली.

"मावशी, पाणी दाखवते. वास घ्या. मग म्हणाल तर सोडते."

तिनं टाकीचं पाणी बादलीत घेऊन पुढं केलं. चंद्रभागाबाई वाकल्या आणि झटकन मागं सरल्या. "हागणदारीचा वास हाय गं याला!" त्यांनी शेजारणीला पुढं ओढलं. बादली हातोहात फिरली. मग शिवकन्यानं काळी बाटली वर धरली आणि रस्त्याखाली काय झालंय ते सांगितलं, भाऊंचं नाव न घेता.

मागून एकीनं विचारलं, "खरं कशावरून?"

तेव्हा सर्जेराव पुढं आले. "मी पाह्यलंय," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत ट्यूब गुंडाळली. मी गप बसलो. चुकलं माझं. पाईप कुठं फुटलाय ती जागा मी दावतो."

चंद्रभागाबाई हंडा खाली ठेवून म्हणाल्या, "पहार कुणाकडं हाय?"

पोलीस आले तेव्हा पारापाशी नव्या रस्त्याला दोन हात खड्डा पडला होता. बाया पाळीपाळीनं पहार चालवत होत्या. सर्जेराव बोटानं दाखवत होते, शिवकन्या खड्ड्याच्या कडेला उभी होती. फौजदारानं विचारलं, "रस्ता कुणाच्या हुकमानं फोडला?"

"माझ्या," शिवकन्या म्हणाली.

"आमच्या बी," चंद्रभागाबाई खड्ड्यातून म्हणाल्या. "नावं लिहून घे. लई हायेत, वही मोठी आण."

तेवढ्यात पाईप उघडा पडला. सुटलेली काळी ट्यूब, तिच्या शेजारी फुटकी गटार, आणि दोन्हींमध्ये साचलेलं डबकं. एकीनं मोबाईलवर ते सगळं टिपलं. फौजदार खाली वाकून बघत राहिला. त्याचंही घर गावठाणातच होतं. त्यानं वही मिटली.

मोबाईलवरचं ते चित्रण गावभर फिरलं आणि गुरुवारचं उद्घाटन झालं नाही. नगरपंचायतीनं पाईप बदलला, टाकी दोनदा धुतली, आणि शनिवारी पाणी सुटलं. पारापाशी नळी पिवळी झालेली शिवकन्यानं स्वतः पाहिली.

सोमवारी तिच्या हातात बदलीचा कागद पडला. सांडपाणी केंद्र, नाल्यापलीकडं. तिथं कुणी जात नसे. दीड वर्षापासून यंत्रं बंद होती आणि गावाची घाण जशीच्या तशी नदीत जात होती. रस्ता फोडल्याची चौकशीही लागली.

सासूबाई, बायनाबाई, म्हणाल्या, "साहेबाच्या पाया पड, पण घाणीत जाऊ नको गं."

"जाते मी, आत्या. घाण गावाचीच हाय."

पहिले तीन आठवडे तिनं दोन माणसं घेऊन टाक्यांमधला गाळ उपसला. मोटारींना गंज चढला होता. एक जळालेली निघाली, एक चालू झाली. हवा सोडणारा पंप पहिल्यांदा घरघरला तेव्हा आजूबाजूच्या शेतातले लोक बघायला आले. दोन महिन्यांनी नदीत जाणाऱ्या पाण्याचा रंग थोडा उतरला. थोडाच.

त्याच सुमारास साहेब आले, नाकाला रुमाल लावून. फिल्टरवर ठेवलेल्या नव्या माणसाला क्लोरीनचं गणित जमत नव्हतं, दोन वॉर्डांतून तक्रारी होत्या. "मॅडम, भाऊंना भेटून दिलगिरीचं एक पत्र द्या. चौकशी मिटवतो, उद्याच टेकडीवर परत या."

शिवकन्यानं हातमोजे काढले नाहीत. "सर, त्या माणसाला इकडं पाठवा, मी शिकवते. दोन दिवसांत जमंल त्याला. पत्र मात्र मिळणार नाही."

"मग इथंच राहायचंय का तुम्हाला?"

"दुसरी मोटार तेवढी द्या," ती म्हणाली, आणि नमुन्याची बाटली घेऊन टाकीच्या पायऱ्या उतरू लागली.