चार बोटांचा धक्का

पान नऊ, मसुदा पहिला

"पुलाच्या मधोमध वाहनांना जो धक्का बसतो, तो लेव्हल घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे."

हे वाक्य तिचं नव्हतं. पुलाला दहा वर्षं झाली तेव्हाच्या पुस्तिकेत ते होतं आणि पंचवीस झाली तेव्हाच्या पुस्तिकेतही होतं, स्वल्पविरामासकट. आता पन्नाशीची पुस्तिका लिहायचं काम तिच्याकडे आलं होतं, कारण पुलाच्या कचेरीचं दप्तर तीच सांभाळायची. कचेरीत सगळे तिला दप्तरताई म्हणत.

आणि तो निष्काळजी कर्मचारी म्हणजे तिचे बाबा.

यंदा हे वाक्य छापायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. त्याच्या जागी काय छापायचं, हे मात्र ठरलं नव्हतं. पानं एक ते आठ छापून झाली होती, दहा ते सोळाही झाली होती. नववं पान कोरं होतं आणि छापखानेवाला तासातासाला फोन करत होता.

"ताई, मशीन तापलंय."

"मग जरा गार होऊ द्या."

"गार झालं की रुसतं हो ते. चार वाजेपर्यंत मजकूर द्या. नाहीतर मी तिथे गुलाबाचं फूल टाकतो. माझ्याकडे तयार ठसा आहे."

पान एक ते आठ, घाईत असणाऱ्यांसाठी

नदी एक, काठ दोन, शहरं दोन. पूल नव्हता तेव्हा पलीकडे जायला नावेने पाऊण तास लागायचा. नावाड्याला गप्पांत रस असला तर सव्वा तास. मग महामार्ग आला, आणि महामार्गाला नावेत बसायची सवय नसते. पूल बांधायचं ठरलं. इकडच्या शहराने इकडून सुरुवात करायची, तिकडच्याने तिकडून, आणि मध्यावर भेटायचं.

उद्घाटनाला दोन फिती होत्या आणि दोन कात्र्या, कारण कुणी कापायची हे सात बैठकांत ठरलं नव्हतं. दोन्ही नगराध्यक्षांनी एकदम कापल्या. एका कात्रीला धारच नव्हती. ती कुठल्या शहराची, याबद्दल आजही दुमत आहे.

मग पहिली गाडी निघाली, आणि मध्यावर पोचल्यावर तिच्यात बसलेल्या पाहुण्यांच्या टोप्या छताला लागल्या.

तिकडची बाजू इकडच्यापेक्षा चार बोटं खाली होती. इकडून गेलं की गाडी आपटते, तिकडून आलं की उडते. म्हणून इकडचे लोक त्याला खड्डा म्हणतात आणि तिकडचे उंचवटा. दोघंही खरं बोलतात. दर दोन वर्षांनी डांबर ओतून उतार करायचा, दर दोन वर्षांनी ट्रकांनी तो झिजवायचा. अंड्यांचा ट्रक तिथे बैलाच्या चालीने चालतो. काचवाला खाली उतरून गाडीशेजारून चालतो, जणू त्याचं वजन कमी झाल्याने काचा वाचणार आहेत. बसमध्ये पेंगणारे धक्क्याने जागे होतात, पिशव्या गोळा करतात आणि दोन थांब्यांनंतर बरोबर उतरतात.

येत्या सोमवारी तो धक्का कायमचा काढणार होते. पुस्तिका त्या समारंभातच वाटायची होती.

पुस्तिकेत नसलेलं पान

बाबांनी त्या प्रकारानंतर कचेरी सोडली आणि चित्रांना चौकटी करून द्यायचं दुकान टाकलं. पन्नास वर्षं त्यांनी लोकांची लग्नं, पदव्या आणि मेलेली माणसं काचेआड बसवली. भिंतीवर लावून द्यायलाही तेच जायचे. खिळा ठोकून झाला की गिऱ्हाईक चार पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून म्हणायचं, "जरा बघतो हं, लेव्हलवाले."

बाबा हसायचे. तिला मात्र लहानपणापासून या हसण्याचा राग. शाळेत तिच्या बाकाचा एक पाय आखूड होता, तर तेसुद्धा तिच्याच घराण्यावर गेलं.

कोठार

अकरा वाजता ती कोठारात उतरली. हवा होता पान नऊसाठी एखादा जुना फोटो. फोटो सापडला नाही. कोपऱ्यात, फाटक्या ताडपत्रीमागे, दोन पट्ट्या सापडल्या.

लेव्हल घेताना अशी पट्टी जमिनीवर उभी धरतात. माणसाच्या दुप्पट उंच, लाल-काळे आकडे रंगवलेली. दूर ठेवलेल्या यंत्राच्या दुर्बिणीतून आकडा वाचायचा, की ती जागा किती उंच हे कळतं. पुलासाठी नदीतल्या खडकावर यंत्र ठेवून दोन्ही काठांवर एकेक पट्टी उभी केली होती. हे ती बाबांकडून इतक्यांदा ऐकून होती की झोपेतही सांगितलं असतं.

तिने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी भिंतीला टेकवल्या. आणि मान तिरकी केली. मग सरळ केली. मग वाकून खाली पाहिलं.

आकडे जुळत नव्हते. इकडच्या काठाच्या पट्टीला तळाशी लोखंडाची पातळशी टाच होती, झिजलेली. तिकडच्या पट्टीची टाच जाड, चकचकीत, हत्तीला पुरेल अशी. तिने बोटं लावली. एक, दोन, तीन, चार. म्हणजे तिकडचा काठ होता त्याहून चार बोटं उंच वाचला गेला, आणि तिकडची बाजू तेवढीच खाली बांधली गेली.

टाचेवर एक छोटी नाल ठोकलेली होती. तो शिक्का तिच्या चांगल्या ओळखीचा होता. घरातल्या सांडशीवर होता, कोयत्यावर होता, तिच्या पहिल्या सायकलच्या स्टँडवर होता.

मामांचा शिक्का.

पान नऊ, मसुदा दुसरा

"पुलाच्या मधोमध वाहनांना जो धक्का बसतो, त्याचा दोष लेव्हल घेणाऱ्याचा नसून, तो एका लोहाराने

धप्प. मामांकडे निघालेली बस पुलाच्या मध्यावर आली होती, आणि पेन कागदावरून घसरलं.

भट्टी

मामा ब्याऐंशी वर्षांचे. हातोडा आता जावई चालवतो. मामा खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतात. टाचेचा विषय निघाला तसे ते खुर्चीतून अर्धे उठले.

"अजून आहे ती? सांग, झिजली का?"

"नाही मामा. जराही नाही."

"बघ," मामा जावयाकडे वळले, "याला म्हणतात काम. आईचं लग्न ठरलं ना तुझ्या, तेव्हा दाजी ती पट्टी घेऊन आले. जुनी टाच पार खलास झालेली. म्हणाले, एक साधी बसवून द्या. मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या नवऱ्याला साधी? लग्नाच्या दिवशी सकाळी हातात दिली. अहेरच म्हण."

"बाबा काही म्हणाले नाहीत?"

"म्हणायचंय काय? डोळे भरून आले त्यांचे." मामा परत टेकले. "मी कुणाच्या उपयोगी पडलो असेन नसेन, पण त्या पुलात माझं चार बोटं लोखंड आहे असं समजतो मी."

जावयाने हातोडा खाली ठेवून टाचेचा हिशेब मनात केला असावा, कारण त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पुलाच्या दिशेने पाहिलं आणि हातोडा पुन्हा उचलून नको तितक्या जोराने मारायला घेतला.

चौकटींचं दुकान, वरचा मजला

आई मटार सोलत होती. बाबा तिने सोललेले मटार खात होते. घड्याळात अडीच.

"बाबा, मी पट्ट्या पाहिल्या," ती दारातूनच म्हणाली. "मामांची टाच. तुम्हाला माहीत होतं."

बाबांनी हातातला मटार वाटीत परत ठेवला. "बस आधी."

"पन्नास वर्षं लोकांनी तुमची टर उडवली. एक वाक्य बोलला असतात तर..."

"तर तुझा मामा त्या दिवसापासून भट्टी पेटवता ना. त्याला ओळखतेस ना? पावसाने छत्री गळली तरी तो स्वतःला दोष देतो."

"पण चूक त्यांची होती."

"टाचेची कसली चूक? ती जाड होती, ते दिसत होतं. ते मोजायचं काम माझं." बाबांनी चष्मा काढला. "दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोन्ही पट्ट्या शेजारी उभ्या करायच्या, आकडे जुळवायचे, वहीत सही करायची. पाच मिनिटांचं काम. वही बघितलीस?"

तिने वही पिशवीत घालून आणलीच होती. आजवर ती तिने कधी उघडली नव्हती. घरच्या माणसाच्या चुकीचा कागद कोण मुद्दाम काढून बघतं? तिने पान काढलं. बाबांचं गोल अक्षर: "तुलना केली. फरक नाही."

"हे खोटं आहे," बाबा म्हणाले. "मी त्या सोमवारी कामावर नव्हतो. सही मंगळवारी केली, आणि मंगळवारीच नदीचं माप घेतलं."

"कुठे होतात?"

बाबा आईकडे बघायला लागले. आई मटारांकडे बघायला लागली.

"शनिवारी लग्न झालं आमचं," शेवटी आईच बोलली. "सोमवारी हे कामावर निघाले. मी म्हटलं, मला पूल दाखवा. तेव्हा पूल कसला, नदीत उभे नुसते खांब. हे म्हणाले, आज पहिला सोमवार आहे, पट्ट्या जुळवायच्यात. मी म्हटलं, पहिला सोमवार काय, दर महिन्याला येतो."

"मग?"

"मग काय. नाव केली. एकेका खांबाभोवती फिरवून आणलं. खांबाची उंची सांगत होते, रुंदी सांगत होते. माणूस बायकोशी असंही बोलतो हे मला तेव्हा कळलं." आईने एक शेंग फोडली. "छान गेला दिवस."

ती वहीचं पुढचं पान बघत होती. पुढचा महिना, पहिला सोमवार, तेच गोल अक्षर: "तुलना केली. फरक बहात्तर मिलिमीटर. मागील नोंद खोटी आहे. मधले खांब भरून झाले आहेत. चूक माझी. साहेबांना आजच सांगत आहे."

"बाबा, हे तुम्ही स्वतः सांगितलंत? उद्घाटनाच्या आधी?"

"सांगितलं ना. साहेब म्हणाले, डांबर घालून भागेल. नाही भागलं."

"पुस्तिकेत तर असं आहे की उद्घाटनाला कळलं."

"पुस्तिका साहेबांनी लिहिली होती," बाबा म्हणाले आणि वाटीतला तो मटार पुन्हा उचलला.

तिने वही मिटली. सकाळपासून तिला बाबा निर्दोष हवे होते. ते तर मिळाले नव्हते.

"लिहू का हे?"

"टाच सोडून सगळं लिही," बाबा म्हणाले.

"आणि माझं?" आईने विचारलं. "मी काय परकी आहे? माझंही वाक्य घाल."

पान नऊ, छापलेलं

"पुलाच्या मधोमध बहात्तर मिलिमीटरचा फरक होता. लेव्हल घेण्याच्या दोन पट्ट्या सारख्या नव्हत्या, आणि ज्या सोमवारी ते तपासायचं, त्या सोमवारी लेव्हल घेणारे आपल्या दोन दिवसांच्या बायकोला नावेतून पुलाचे खांब दाखवायला गेले होते. पहिला सोमवार दर महिन्याला येतो, असं तिचं मत पडलं. वहीत त्यांनी खोटी नोंद केली. पुढच्या पहिल्या सोमवारी त्यांनी फरक स्वतः मोजला, स्वतः लिहिला आणि त्याच दिवशी वरिष्ठांना सांगितला. चूक दुसऱ्या कुणीही पकडलेली नव्हती. नोंदवही कचेरीत आहे. कुणीही येऊन पाहावी."

चार वाजायला दहा मिनिटं

"ताई," छापखानेवाला फोनवर म्हणाला, "वाचलं मी."

"मग?"

"गुलाबाला जागा उरते खाली. टाकू?"

तिने विचार केला. "नाव आहे का एखादी? ठसा?"

पलीकडे खण उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज आले. बरेच खण होते.

"एक आहे. मासे विकणाऱ्याच्या पाट्यांसाठी केली होती. आत एकच माणूस बसलाय पण."

"चालेल," ती म्हणाली. "दोनदा छापा. शेजारी शेजारी."

"एका रेषेत येतील का सांगता येत नाही. ठसा एका बाजूने झिजलाय. एक जरा वर, एक जरा खाली होईल."

"किती?"

"असेल चार बोटं."

"चार बोटांत पान संपेल हो."

"बरं, अर्धं बोट," छापखानेवाला म्हणाला आणि मशीन सुरू झाल्याचा आवाज फोनमधून यायला लागला.