साईनाथची झोप

सोलापूरहून माल घेऊन पुण्याकडे निघालेल्या साईनाथला सकाळी बायकोचा फोन आला, "आईंचं काही खरं नाही, लवकर या." त्याने लगेच ट्रक कंपनीच्या ऑफिसात श्रद्धाला कळवलं. केबिनमधल्या कॅमेऱ्यात त्याचे डोळे सारखे मिटताना तिला दिसत होते.

"गाडी ढाब्यावर लावा. दुसरा ड्रायव्हर पाठवते, तो तुम्हाला घरी सोडेल."

"मॅडम, आई वाट बघतेय."

"म्हणूनच सांगते, थांबा."

तो थांबला. ड्रायव्हर येईपर्यंत स्टिअरिंगवर डोकं टेकवून गाढ झोपला. धायरीला घरी पोचला, तेव्हा दारात माणसं जमली होती.

दिवसकार्य झाल्यावर श्रद्धा त्याला भेटायला गेली.

"तुमचं काही चुकलं नाही, मॅडम," साईनाथ म्हणाला. "पण मला झोप लागलीच कशी?"