लाल स्वेटरमधली मुलगी

चिझुरु कुझुहाराच्या वडिलांनी जन्मभर एकच मुलगी रंगवली. ती मुलगी म्हणजे चिझुरु. लाल स्वेटर घालून खिडकीशी बसलेली, मुळे धुणारी, मांजराला रागावणारी. वडील गेल्यावर आईने राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं संग्रहालय काढलं आणि "एवढा हिवाळा ये गं" म्हणून चिझुरुला नागोयाहून बोलावून घेतलं. ती आली ती राहिलीच. आता साठीला टेकली तरी दाराशी बसून तिकिटं फाडत होती.

लोक आधी चित्राकडे बघत, मग तिच्याकडे. "अय्या, डोळे अगदी तेच!" म्हणत तिला चित्राशेजारी उभी करून फोटो काढत. कुणीतरी हळूच म्हणे, "किती उतरली ना!" ते तिला बरोबर ऐकू येई.

यंदा तिची शाळेतली मैत्रीण तोकिए मागेच लागली. कानाझावात तिचं नूडल्सचं दुकान होतं. "एकटीला झेपत नाही गं. वर खोली रिकामी आहे. ये की!"

चिझुरुने संग्रहालय नगरपालिकेला द्यायचं ठरवलं. तिथले अधिकारी निशिवाकी येऊन सगळं बघून गेले.

"घेतो आम्ही," ते म्हणाले. "छप्परही दुरुस्त करू. फक्त तुम्ही इथंच राहायचं."

"तिकिटं कुणीही फाडेल हो."

"तिकिटांचं सोडा. चित्रातली मुलगी समोर चालतीबोलती दिसते, म्हणून तर लोक एवढा घाट चढून येतात!"

आई खूश झाली. "बघ, बाबांनी जन्माची सोय करून ठेवली तुझी."

"आई, मला कानाझावाला जायचंय."

"जा की. सोमवारी आपलं बंदच असतं."

सोमवारी चिझुरु गेली. कपड्यांची बॅग मुद्दाम मोठी घेतली होती. तोकिएने दारातच तिला मिठी मारली आणि हाताला धरून आत नेलं.

"डोळे मीट. हं, आता उघड!"

गल्ल्याच्या वर, भिंतभर, लाल स्वेटरमधली मुलगी टांगलेली होती.

"छापून घेतलं मी! गिऱ्हाइकं कशी खेचली जातील बघ. शेजारी तू उभी राहायचीस."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने वाडग्यातून मान वर केली. भिंतीकडे पाहिलं, मग चिझुरुकडे. "अहो, या त्याच ना?"

"त्याच!" तोकिए म्हणाली.

चिझुरु बसली. समोर आलेले नूडल्स तिने रस्सा न ठेवता संपवले, छान झालेत म्हणून सांगितलं, आणि बॅग न उघडताच संध्याकाळच्या गाडीने परत निघाली.