यादीतली तिसरी ओळ

घरात नणंद-वहिनींत दोन महिने अबोला होता. दोघी एकाच हॉस्पिटलात, नणंद परिचारिका. ड्यूट्यांच्या वाटपाबद्दल विश्वस्तांकडे तक्रार न्यायची, असं ती विश्रांतीच्या खोलीत मैत्रिणींशी बोलली आणि दुसऱ्याच दिवशी अधीक्षकांनी तिला बोलावून तिचेच शब्द तिला ऐकवले. मैत्रिणी फुटणाऱ्या नव्हत्या. घरी ती हे फक्त वहिनीजवळ बोलली होती, आणि वहिनी बसायची अधीक्षकांच्या केबिनशेजारी. मग शंका घ्यायला दुसरं कोण उरतं?

वहिनी हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळायची. तिनं शपथा घेऊन पाहिल्या, रडूनही पाहिलं. नवऱ्यानं अंग काढून घेतलं. शेवटी तीही गप्प झाली आणि तिनं स्वतःला कामाला जुंपून घेतलं.

काम मोठं होतं. शस्त्रक्रियेचं थेट चित्र रस्त्यापलीकडच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखवायचं होतं. पाठवणाऱ्यानं एकदाच पाठवायचं आणि वाटेतल्या राउटरांनी बघणारे असतील तिथे त्याच्या प्रती काढून द्यायच्या. यालाच मल्टिकास्ट म्हणतात. एका इमारतीत हे सोपं. पण इथे संस्था दोन, नेटवर्कं दोन, कारभारही दोन. दोन्हीकडे पाठवणारे आणि बघणारे यांची गाठ घालून देणारा एकेक मुख्य राउटर होता. ‘आमच्याकडून आत्ता कोण कोण पाठवतंय’ हे या दोघांनी एकमेकांना कळवत राहायचं, अशी जोडणी तिला करायची होती. पलीकडे तिच्यासारखंच काम करणारा एक गृहस्थ होता. नुसत्या होय-नाहीलाही तो व्याख्यान द्यायचा, म्हणून सगळे त्याला प्रोफेसर म्हणत.

सकाळी अकराला जोडणी लागली. आधी बोलणं सुरू होऊ दे, नको ते अडवणारी गाळणी मागाहून लावू, असा तिचा बेत होता. तेवढ्यात प्रोफेसरचा फोन आला.

“अभिनंदन मॅडम. तुमच्याकडून तीन पाठवणारे दिसताहेत.”

“दोन. ऑपरेशन थिएटरचे दोन कॅमेरे.”

“माझ्या यादीत तीन ओळी आहेत. तिसरीत नुसता आवाज असावा, फार बारीक ओघ आहे.”

तिच्या कपाळाला आठी पडली. हा माणूस आपलं नेटवर्क चाचपून बघतोय की काय? तिनं तुटकपणे “बघते” म्हटलं, सगळ्यात आधी गाळणी लावून तिसरी ओळ पलीकडे जाणं थांबवलं आणि मग आपल्याच राउटरची यादी उघडली. तिसरी ओळ तिथेही होती. पत्ता तिच्याच इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा. आणि ते ऐकणारं यंत्र सबंध हॉस्पिटलात एकच. ते अधीक्षकांच्या केबिनमध्ये होतं.

तिनं तो आवाज आपल्या संगणकावर घेतला आणि हेडफोन लावला. आधी कप ठेवल्याचा आवाज आला. मग नणंदेचा, अगदी कानाशी बसून बोलावं तसा.

“बाहेरच्यांना कशाला नावं ठेवू? फितूर माझ्या घरातच आहे.”

तिनं हेडफोन काढून ठेवला. त्या पत्त्याची नोंद तिनं शोधली. विश्रांतीची खोली, छतावरचा घोषणेचा स्पीकर. त्याच्या पोटात माइकही होता तर!

ती जिन्यानं धावतच वर गेली. तिला दारात बघून नणंदेनं तोंड फिरवलं. वहिनीनं ओठांवर बोट ठेवलं, खुर्ची ओढली, वर चढली आणि स्पीकरची वायर उपटून काढली.

“आता बोला. तुमचं सगळं बोलणं इथून खाली जात होतं. अधीक्षकांच्या केबिनमध्ये.”

नणंदेनं छतावरचा तो स्पीकर बघितला. मग म्हणाली, “वहिनी, हे जोडलं कोणी?”

खोटं बोलणं सोपं होतं. “लावलं ठेकेदारानं. जोडणी मी दिली. घोषणेचा स्पीकर आहे म्हणाला, अधीक्षकांची सही होती. मी आत काय आहे ते बघितलं नाही.”

“बघितलं नाहीस, की बघायचं नव्हतं?”

“नाही बघितलं गं. चूक माझीच.”

दुपारी दोघी मिळून विश्वस्तांकडे गेल्या. वहिनीनं यादीचा कागद पुढे ठेवला. अधीक्षक म्हणाले, सुरक्षेसाठी होतं. पण परिचारिकांच्या खोलीत कसली सुरक्षा, असं विश्वस्तांनी विचारलं. आठवड्याभरात अधीक्षकांना घरी बसवलं गेलं. प्रोफेसरवर उगीच संशय घेतला म्हणून तिनं त्याची माफी मागितली, तर त्यानं त्यावरही वीस मिनिटं व्याख्यान दिलं.

घरातला अबोला सुटला. नणंद भाजी चिरताना पुन्हा बोलू लागली, हसूही लागली. पण वॉर्डातलं काही सांगायची वेळ आली, की आता ती वहिनीचा फोन आधी दुसऱ्या खोलीत ठेवून येते.